गरम झाली की बंद पडणारी जुनी जीप: पंप बदलण्याआधी पाइपांचा रस्ता तपासा

सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणारी गाडी दुपारी स्वारगेटच्या सिग्नलला अडखळायला लागते. कात्रजपर्यंत कशीबशी येते. जुन्या घाटाचा चढ लागला की आधी पिकअप जातो, मग झटके, मग बंद. सेल्फ मारत राहिलं तर बॅटरी बसते, गाडी काही चालू होत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत उभी केली की कुणी हात न लावता चालू होते, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच.

विलीज, महिंद्राची सीजे३बी, जोंगा, कार्बोरेटरवाली जुनी जिप्सी अशा रिस्टोअर केलेल्या पेट्रोल गाड्यांमध्ये ही तक्रार मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहे की आता मी आधी गाडीखाली जातो आणि बॉनेट नंतर उघडतो. बहुतेक वेळा पंप चांगला निघतो, कार्बोरेटरही चांगला निघतो. चुकलेला असतो तो टाकीपासून इंजिनापर्यंतच्या पाइपचा रस्ता, आणि ज्या गाडीत रिटर्न, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप आहे, तिच्यात रिटर्नचा.

मात्र बंद पडणाऱ्या सगळ्या गाड्यांचं दुखणं एकच नसतं, म्हणून आधी लक्षणं नीट वेगळी करा.

लक्षणं

चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये हळू चालताना बंद पडते, हायवेला वारा लागत असताना त्रास नाही, थंड झाली की ठीक: पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते आहे. याला गॅरेजमध्ये व्हेपर लॉक म्हणतात. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

चालताना काही त्रास नाही, पण चहाला दहा मिनिटं थांबून निघताना चालू होत नाही आणि पेट्रोलचा उग्र वास येतो: हे उलट दुखणं आहे. इंजिन बंद केल्यावर खालची उष्णता वर चढते, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं, गाडी ओव्हरफ्लो होते. चोक न लावता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की बहुधा चालू होते. इथे रिटर्नचा थोडा उपयोग होतो. त्याहून जास्त कार्बोरेटरखालच्या जाड, उष्णता अडवणाऱ्या गास्केटचा होतो.

टाकी अर्धी झाली की पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते आणि भरून घेतली की पळते: पिकअपचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढून नेणारा, आणि रिटर्नचा पाइप उलटे जोडले गेले असण्याची शक्यता दाट. जिप्सीमध्ये हे वरचेवर सापडतं.

ऊन असो वा डिसेंबरची थंडी, ठरावीक अंतर गेलं की बंद, आणि थोडा वेळ थांबलं की चालू: टाकीत गंजाचे किंवा आतून लावलेल्या लेपाचे पापुद्रे सुटले आहेत. ते ओढले जाऊन पिकअपच्या तोंडाशी चिकटतात, इंजिन थांबलं की खाली पडतात. वरवर हे अगदी व्हेपर लॉकसारखं दिसतं, म्हणून थंडीतही होतं का हा प्रश्न मी प्रत्येक मालकाला विचारतो.

असं का होतं

पेट्रोल हे एकच द्रव्य नाही. त्यातले हलके घटक साधारण ३५ ते ४० अंशांनाच उकळायला लागतात. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात हवाच चाळिशीला टेकते, मग बॉनेटखाली काय होत असेल? त्यात मेकॅनिकल पंप इंजिनावर बसलेला असतो आणि तिथून टाकीतलं पेट्रोल ओढत असतो. ओढल्या जाणाऱ्या पाइपात दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो, आणि दाब कमी झाला की उकळण्याचा बिंदूही खाली येतो. म्हणून वाफ धरते ती बहुतेक वेळा टाकी आणि पंप यांच्या मधल्या भागात. पंपाचा पडदा द्रव ढकलू शकतो, वाफ नुसती दाबली जाते आणि पुन्हा फुगते. पुण्याची उंची ५६० मीटरच्या आसपास आहे, महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर. चढताना हवेचा दाब घटतो आणि नेमकं तेव्हाच इंजिन जास्त तापतं, जास्त पेट्रोल मागतं.

सीजे३बीच्या एफ-हेड इंजिनात आणखी एक अडचण मुळातच आहे. तिचा पेट्रोल पंप आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. तरी कंपनीतून आलेल्या गाड्या घाट चढतच होत्या. कारण पाइप कुठून न्यायचा, क्लिप कुठे मारायच्या, पत्रा कुठे आडवा लावायचा हे ठरलेलं होतं. रिस्टोरेशनमध्ये बॉडी उतरते, चॅसी रंगायला जाते, जुने पाइप भंगारात जातात, आणि जुळणी करताना नवा पाइप जवळच्या रस्त्याने टाकला जातो. जवळचा रस्ता बहुधा सायलेन्सरच्या शेजारून जातो.

२०२३ पासून आपल्याकडे पेट्रोल पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. त्यातलं इथेनॉल जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या फुगवतं, मऊ करतं, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सोडवून पुढे पाठवतं. या गाड्या घडवल्या गेल्या तेव्हा हे इंधन कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. त्यामुळे मूळची चांगली नळी आहे, हे आजच्या पेट्रोलला पुरेसं उत्तर नाही.

हात लावण्याआधी

काम उघड्यावर करा. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पेट्रोलची लाइन अजिबात उघडू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि लांबवरच्या ठिणगीनेही पेटते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकीत पेट्रोल कमी असताना काम करा, गाडी तोंड खाली करून उतारावर उभी करू नका. नाहीतर पाइप सुटला की टाकी स्वतःहून रिकामी व्हायला लागते. दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी, म्हणजे खरोखर हाताशी ठेवा, डिकीत नको. तोंडाने पाइप ओढायची सवय अजूनही दिसते. ती सोडा, फुप्फुसात गेलेलं पेट्रोल जिवावर बेततं.

टाकीचं झाकण

याला एक पैसाही लागत नाही. गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण सैल करा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मग गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे किंवा झाकणच बिनभोकाचं आहे. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला ओढणं अशक्य होतं. सुट्या भागांच्या बाजारात अगदी तसंच दिसणारं, आटे बसणारं, पण हवा न घेणारं झाकण सहज मिळतं. घेताना तोंड लावून हवा जाते का ते दुकानातच बघा.

बंद पडल्या जागी पेट्रोल की ठिणगी

गरम झाल्यावर कॉइल आणि कंडेन्सरही दगा देतात, आणि थंड झाले की तेही पुन्हा काम करतात. त्यामुळे वाफेवर संशय घेण्याआधी ही एक तपासणी करायलाच हवी. गाडी बंद पडली त्याच अवस्थेत इग्निशन बंद करा, एअर क्लीनरची नळी काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरीच्या टॉर्चने बघा आणि दुसऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबायला सांगा. आत पेट्रोलची बारीक धार उडताना दिसली, तर वाटीत पेट्रोल आहे. मग पाइपांमागे लागू नका. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट बघा. धार आली नाही किंवा नुसती फुसफुसली, तर पेट्रोल पोचत नाही आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. बघताना चेहरा कार्बोरेटरच्या तोंडाच्या बाजूला ठेवा, वर नको. तेवढ्या वेळात कुणी सेल्फ मारता कामा नये.

ओलं फडकं

अजूनही रस्त्याच्या कडेलाच आहात, तर बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवून पंपावर आणि पंपाकडे येणाऱ्या पाइपावर गुंडाळा. पाच-सात मिनिटांत गाडी चालू झाली, तर वाफेचं निदान जवळपास पक्कं. पाणी मॅनिफोल्डवर पडू देऊ नका, तापलेलं बीड एकदम गार झालं तर तडकतं. हा उपाय नाही, फक्त परीक्षा आहे. पाइपाला कपड्याचे चिमटे लावून फिरणारे लोकही भेटतात. चिमट्यांनी पाइपाची थोडी उष्णता बाहेर पडत असेल, पण सायलेन्सरजवळचा पाइप त्यामुळे सायलेन्सरपासून लांब जात नाही.

रबरी नळ्या आणि क्लिपा

इथे सगळ्यांत जास्त फसगत होते, कारण ओढणाऱ्या बाजूची गळती दिसतच नाही. पंपाच्या पुढे नळी सैल असली तर पेट्रोल टपकतं, वास येतो, लगेच कळतं. पंपाच्या मागे नळी सैल असली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर एक थेंब नसतो आणि फिल्टरमध्ये बुडबुडे फिरत असतात. इंजिन आयडलवर चालू ठेवून पारदर्शक फिल्टर बघा. थंड इंजिनातही बुडबुड्यांची सलग रांग येत असेल, तर ती वाफ नाही, कुठून तरी घेतलेली हवा आहे.

मग इंजिन बंद करून टाकीपासून पंपापर्यंतची प्रत्येक रबरी जोडणी हाताने चाचपा. नळी वाकवली की बाहेरच्या वळणावर केसासारख्या भेगा दिसतात का ते बघा. टोक काढून आतही बघा. जुन्या नळीचा आतला थर सुटलेला असतो आणि त्याचा एखादा पदर आत लोंबत असतो. पंपाने जोरात ओढलं की तो पदर आडवा येऊन वाट बंद करतो, इंजिन थांबलं की बाजूला होतो. बाहेरून नळी अगदी नवी दिसते. असल्या नळीचे तुकडे कापून मी मालकांच्या हातात देतो, त्याशिवाय कुणाला पटत नाही.

नवी नळी घेताना तिच्यावर छापलेलं वाचा. कार्बोरेटरच्या गाडीला एसएई जे३० आर७ चालते असं सांगितलं जातं. ई२० साठी मी फ्लुरोरबराचं अस्तर असलेली आर९च वापरतो. ती बरीच महाग असते, पण एका गाडीला लागते किती? हात-दीड हात. टाकीच्या आत बुडणारा तुकडा असेल तर त्याला वेगळी, बाहेरूनही पेट्रोल सोसणारी आर१० नळी लागते. काही छापलेलं नसेल तर घेऊ नका. पाण्याची पारदर्शक पीव्हीसी नळी पेट्रोलला कधीही नको. काही महिन्यांत ती काचेसारखी कडक होते आणि टोकाला चिरते. क्लिप गुळगुळीत कडांची घ्या. खाचा असलेल्या पट्टीच्या साध्या जुबली क्लिपा जास्त आवळल्या की नळीत रुततात.

पाइपांचा रस्ता

आता गाडीखाली जा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली नाही. रॅम्पवर, किंवा पक्क्या स्टँडवर चाकांना ओंडके लावून. इंजिन थंड असताना टाकीपासून सुरुवात करा आणि पाइपावरून बोट फिरवत पुढे या. बोट जिथे जात नाही तिथे पाइप कशाला तरी टेकलेला आहे. रंगाकडे बघा. पाइपाच्या एकाच बाजूचा रंग तपकिरी पडलेला किंवा फोड आल्यासारखा दिसला, तर ती बाजू सायलेन्सरकडे तोंड करून आहे आणि तिथे पेट्रोल रोज उकळतं आहे. चॅसीवर रबरी कोटिंग मारलेलं असेल तर पाइप त्याखाली गाडलेला असतो. तो भाग आधी खरवडून मोकळा करा.

मी रस्ता ठरवताना बघतो ते असं. पाइप एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूच्या चॅसीच्या आतल्या अंगाने जावा, म्हणजे दगड लागत नाहीत आणि उष्णताही. एक्झॉस्टपासून निदान सहा इंच, आणि तेवढं मिळतच नसेल तर मध्ये पत्रा. पत्रा पाइपाला चिकटवून उपयोग नाही. दोन्हीकडे हवा खेळली पाहिजे, नाहीतर पत्राच पाइप तापवतो. एक्झॉस्ट ओलांडायचाच असेल तर काटकोनात आणि इंजिनापासून शक्य तितक्या मागे ओलांडावा, तिथे तो त्यातल्या त्यात थंड असतो. एक्झॉस्टच्या बरोबर वरून लांबवर समांतर नेलेला पाइप हे मला सर्वाधिक वेळा सापडलेलं कारण आहे. पाइप चॅसीच्या सगळ्यांत खालच्या पातळीच्या वर असावा. मुळशी-ताम्हिणीकडच्या कच्च्या वाटांवर खाली लोंबणारा पाइप पहिल्याच खडकाला चेपतो. चेपलेल्या पाइपातून पेट्रोल जातं, पण ओढायला जास्त जोर लागतो, आत दाब आणखी कमी होतो आणि पुन्हा वाफ.

दर फूट-दीड फुटावर रबराचं अस्तर असलेली धातूची क्लिप हवी. प्लॅस्टिकच्या केबल टायने पाइप ब्रेकच्या पाइपाला बांधलेला दिसला तर तो आधी सोडवा. दोघे एकमेकांवर घासून झिजतात आणि एकाच जागी दोन्ही फुटतात. बॅटरीपासून सेल्फकडे जाणारी जाड केबल आणि पेट्रोलचा पाइप एकत्र असू नयेत. पत्र्याच्या भोकातून पाइप जातो तिथे रबरी ग्रोमेट पाहिजेच.

लांबचा रस्ता धातूच्या पाइपाचा असावा. रबर फक्त जिथे हालचाल आहे तिथे, म्हणजे चॅसी आणि इंजिन यांच्या मध्ये, आणि टाकीपाशी. टाकीपासून इंजिनापर्यंत सगळी रबरी नळी टाकणारे सोय बघतात. रबर लोंबतं, घासतं, आणि जोरात ओढलं की आत बसतं. तांब्याच्या नळीचा मोह मात्र टाळा. वाकवायला सोपी आणि चमकायला सुंदर असली तरी हादऱ्यांनी तांबं कडक होत जातं. तांबट आळीतला कारागीर भांडं ठोकताना तांबं पुन्हा पुन्हा भट्टीत घालून मऊ करतो; चॅसीखालच्या नळीला ते कोण करणार? शेवटी ती फ्लेअरच्या, म्हणजे जोडणीसाठी पसरवलेल्या टोकाच्या, मुळाशी तडकते. शिवाय तांब्यामुळे पेट्रोल आणि डिझेल लवकर जुनं होतं, डिंकासारखा थर धरतो. झिंक चढवलेला स्टीलचा पाइप किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप वापरा. वळण पाइप बेंडरने द्या. गुडघ्यावर वाकवलेला पाइप आतून चपटा होतो.

रिटर्न का हवा

कार्बोरेटर लागेल तेवढंच पेट्रोल घेतो. आयडलवर तर अगदी थोडं. बाकीचं बॉनेटखालच्या तापलेल्या पाइपात उभं राहतं आणि उकळतं. रिटर्न असला की पंप जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत ढकलत राहतो. पेट्रोल सतत फिरतं राहतं, टाकीतलं थंड पेट्रोल येत राहतं, आणि वाफेचे बुडबुडे कार्बोरेटरकडे जाण्याआधी परतीच्या वाटेला लागतात.

मूळ विलीजला रिटर्न नव्हता, तरी ती चालत होती. आजच्या पेट्रोलवर आणि आजच्या ट्रॅफिकमध्ये मी तो बसवण्याच्या बाजूने आहे. त्यासाठी तीन तोंडांचा फिल्टर येतो: एक तोंड पंपाकडे, एक कार्बोरेटरकडे, एक रिटर्नला. रिटर्नच्या तोंडात आत बारीक भोक असतं, साधारण दीड मिलिमीटरचं. फिल्टर पंपाच्या पुढे, कार्बोरेटरच्या शक्य तितका जवळ, आडवा बसवायचा आणि रिटर्नचं तोंड वर, बाराच्या काट्यावर. वाफ वर चढते, म्हणून वरच्या तोंडातून ती निघून जाते. तेच तोंड खाली फिरलं तर चांगलं पेट्रोल टाकीत परत जातं आणि वाफ कार्बोरेटरला मिळते. फिल्टर योग्य, जोडणी योग्य, नुसता फिरलेला आहे, एवढ्या एका कारणाने गाडी घाटात उभी राहते. तो हाताने फिरवून क्लिप आवळली की काम झालं.

या फिल्टरऐवजी साधा टी-आकाराचा जोड टाकू नका. त्यात बारीक भोक नसतं, त्यामुळे बहुतेक पेट्रोल सोप्या वाटेने टाकीत परत जातं. पंपाचा दाबच मुळात अडीच ते चार पीएसआय असतो, तोही मग टिकत नाही आणि चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन उपाशी राहतं. रिटर्न पंपाच्या मागच्या पाइपात जोडणं तर आणखी वाईट. तेच तापलेलं पेट्रोल पुन्हा पुन्हा फिरून जास्तच तापतं. रिटर्न टाकीतच गेला पाहिजे, आणि टाकीत पिकअपपासून लांब, म्हणजे परत आलेले बुडबुडे लगेच ओढले जाणार नाहीत. वाटेत कुठेही झोळ नको. झोळात पेट्रोल साचून वाफेची वाट अडते.

आहे तो रिटर्न बुजला आहे का हे बघायला त्याची दोन्ही टोकं सोडा, एका टोकाला सायकलच्या पंपाने हळू हवा मारा आणि दुसऱ्या टोकाला बोट धरा. हवा मोकळी आली पाहिजे. टाकीतला तुकडाही असाच, झाकण उघडं ठेवून. कॉम्प्रेसरची हवा टाकीकडे मारू नका.

जिप्सीचे उलटे पाइप

आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या पहिल्या ९७० सीसीच्या जिप्सीत मेकॅनिकल पंपालाच रिटर्नचं तोंड आहे. टाकी मागे, आणि तिथून दोन पाइप शेजारी-शेजारी पुढे येतात. रिस्टोरेशनमध्ये ते सोडताना खूण केली नाही तर जोडताना अदलाबदल होते. रिटर्नच्या पाइपाचं टाकीतलं टोक पिकअपइतकं खोल नसतं, म्हणून टाकी भरलेली असेपर्यंत गाडी छान चालते. पेट्रोल त्या टोकाच्या खाली गेलं की हवा ओढते. मालक सांगतो, काटा अर्ध्यावर आहे आणि गाडी संपल्यासारखी करते. मग काट्याचा फ्लोट बदलला जातो, पंप बदलला जातो. तपासणी अशी: इंजिनाकडची दोन्ही टोकं सोडा, टाकीचं झाकण उघडा आणि एकेका पाइपात सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा सोडा. पेट्रोल कमी असताना पिकअपमधून टाकीत बुडबुड्यांचा आवाज येतो, रिटर्नमधून नुसती हवा गेल्याचा. कळलं की दोन्हींना रंगाची खूण करा.

टाकी आणि पिकअप

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर टाकी. ती उतरवून रिकामी करून आत टॉर्चने बघावी लागते, पिकअपची जाळी बाहेर काढावी लागते. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर तळाशी पाणी सापडतं. इथेनॉल पाणी धरतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो, जिथे पिकअप आहे. ते पेट्रोल काढून टाका, नव्या पेट्रोलमध्ये मिसळून वापरू नका. टाकी उतरवणं हे काम सवय नसेल तर गॅरेजमध्येच करून घ्या.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात

एमएम५४० सारख्या डिझेल जीपमध्ये व्हेपर लॉक हे दुखणं नाही. तिथे हवा धरणं हे आहे: सकाळी लांब सेल्फ, चालू होऊन बंद, प्रायमिंग केलं, म्हणजे हाताने पंप मारून डिझेल चढवलं, की ठीक. आधी फिल्टरवरच्या बँजोच्या, म्हणजे पाइप धरणाऱ्या पोकळ बोल्टच्या, तांब्याच्या वॉशर बदला. त्या पुन्हा पुन्हा वापरायच्या नसतात. मग इंजेक्टरवरून जाणाऱ्या रिटर्नच्या बारीक, विणीच्या नळ्या बघा. या नळ्या सुकल्या की रात्रभर डिझेल टाकीकडे उतरतं. या स्वस्तात बदलतात, तरी शेवटी बदलल्या जातात. इंजेक्टरकडे जाणारे जाड स्टीलचे पाइप इंजिन चालू असताना सैल करून हात लावू नका. त्यातल्या दाबाने डिझेल कातडीतून आत घुसतं.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर हत्यारं खाली ठेवा आणि मिस्त्रींना बोलवा, गाडी चालवत नेऊ नका.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली आहे: मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये जातं आहे. ती गाडी चालू करणंही धोक्याचं.

टाकीला गळती आहे किंवा रिटर्नसाठी नवं तोंड बसवायचं आहे: टाकीला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग घरी नाही, ओळखीच्या वेल्डरकडेही नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ भरलेली असते. टाकी धुऊन, वाफ काढून, तपासून काम करणाऱ्यांकडेच द्या.

इलेक्ट्रिक पंप बसवायचा आहे: त्याची जागा टाकीजवळ असते, म्हणजे तो पेट्रोल ढकलतो आणि पाइपात वाफ धरायला वाव कमी राहतो. पण रिले, फ्यूज, दाबाचा रेग्युलेटर आणि ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच हे सगळं हवं. अपघातात इंजिन बंद पडून पंप चालूच राहिला तर तो तुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो. हे वायरिंग जाणकाराकडूनच करून घ्या.

इंजेक्शनवाली जिप्सी आहे: २००० नंतरच्या एमपीएफआय गाडीत दाब कार्बोरेटरच्या लाइनच्या कितीतरी पट असतो. वर सांगितलेली एकही तपासणी तिच्या दाबाच्या पाइपावर करू नका.

ब्रेकचा पाइप हलवावा लागतो आहे, किंवा तो पेट्रोलच्या पाइपाने घासलेला सापडला: ब्रेकचं काम पूर्ण झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

मिस्त्रींना नुसतं गरम झाली की बंद पडते एवढं सांगू नका. बंद पडली तेव्हा कार्बोरेटरमध्ये धार येत होती का, टाकीत पेट्रोल किती होतं, झाकण उघडल्यावर आवाज आला का, थंडीत होतं का, ओल्या फडक्याने फरक पडला का, एवढं लिहून न्या. पाइप नव्याने टाकून घेतला तर पहिल्या दिवशी लांब नेऊ नका. दुपारी गावातल्या ट्रॅफिकमध्ये फिरवा, मग दिवे घाटासारखा एखादा जवळचा चढ घ्या, परत येऊन इंजिन गरम असतानाच प्रत्येक जोडणीखाली पांढरा कागद धरून बघा. चार-पाचशे किलोमीटरनंतर रबरी नळ्या थोड्या बसतात, तेव्हा थंड इंजिनावर सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळा.